उखळी तोफ, न उडणारी: प्रकल्पाच्या नोंदी

21 जुलै 2024

आकार ठरला. आठ इंची, म्हणजे 203 मिलिमीटर तोंडाची उखळी तोफ (आखूड नळीची, गोळा उंच फेकणारी), अठराव्या शतकातल्या इंग्रजी घडणीची. तिची बिडाची प्रतिकृती करायची. जॉन मुलरचा तोफखान्यावरचा 1757 चा ग्रंथ प्रमाणं देतो ती सगळी तोंडाच्या व्यासाच्या पटीत. त्यामुळे एकदा तोंड ठरलं की बाकीचं आपोआप उतरत जातं.

आठच इंच का, याचं उत्तर वजनात आहे. त्या काळच्या इंग्रजी पितळी उखळ्यांत सगळ्यांत लहान ती कोहॉर्न. डच अभियंता मेन्नो व्हान कूहूर्नचं नाव तिला मिळालंय. चार माणसं दांडे धरून तिला खंदकातून फिरवायची. दुसऱ्या टोकाला तेरा इंची, नुसती नळीच सव्वा टनाच्या पुढे. आठ इंची या दोघींच्या मधली, नळी साधारण 200 किलोची. चौघांच्या हाताबाहेरची, पण छोटा हत्ती टेंपोच्या आटोक्यातली. मला नेमकं हेच हवं होतं.

फायबरची कर, असं जवळजवळ प्रत्येकाने सुचवलं. फायबरची तोफ दोन पोरं उचलून स्टेजवर ठेवतात, वरून झेंडूची माळ घालतात, झालं. ती दिसायला हुबेहूब असेलही. पण पुस्तकांतून मला कधीच नीट न कळलेली गोष्ट म्हणजे ही धुडं लोक न्यायचे कशी. विजापूरची मुलुखमैदान 1549 मध्ये अहमदनगरला ओतली, पुढे परांड्याला गेली, आणि 1632 मध्ये तिथून विजापूरला. सुमारे 55 टन! शेकडो बैल आणि हत्ती लावले होते असं सांगतात. मला 55 टन झेपणार नाहीत. पण सव्वातीनशे किलो अंगावर घेतले तर त्या बैलवाल्यांच्या डोक्यात काय चाललं असेल त्याचा थोडा तरी अंदाज येईल.

4 ऑगस्ट

आज फक्त कागद.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: उडवणार का? नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्राच्या व्याख्येत तोफखानाही येतो. शिवाय नकली शस्त्राचं खरं शस्त्र करायलासुद्धा परवाना लागतो. अमेरिकेत गोष्ट वेगळी आहे. 1898 पर्यंतच्या घडणीच्या तोंडाकडून भरायच्या तोफा आणि त्यांच्या प्रतिकृती तिथल्या 1968 च्या केंद्रीय बंदूक कायद्यातून बहुतांशी सुटतात. त्यामुळे तिथले हौशी लोक शनिवार-रविवारी ट्रेलरवर उखळ्या लादून माळरानावर जातात आणि काळी दारू भरून चक्क बोलिंगचे गोळे उडवतात. त्यांचे व्हिडिओ मीही मन लावून पाहतो. पण घोडबंदर रोडवर माळरान उरलेलं नाही, आणि कायदा तर नाहीच.

म्हणून ही तोफ जन्मतःच न उडणारी. खऱ्या उखळीत तोंडाच्या पोकळीच्या तळाशी दारूसाठी आणखी एक अरुंद कोठी असते. माझ्या रेखाटनात ती कोठी नाही, तिथे भरीव बीड. बत्ती द्यायचा कान म्हणजे वरून दिसणारा जेमतेम आठ मिलिमीटर खोल खळगा, आत कुठेही न पोचणारा. नंतर बुजवलेलं भोक आणि मुळात नसलेलं भोक यात फरक आहे, आणि तपासणाऱ्याला तो एका नजरेत कळायला हवा. रेखाटन, छेदचित्र आणि एका पानाचं पत्र पोलीस ठाण्यात देऊन पोच घेतली. ड्युटीवरच्या हवालदारसाहेबांनी छेदचित्र उलटं धरून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे हे शोपीस ना?" म्हटलं, हो साहेब, जड शोपीस.

18 ऑगस्ट

पॅटर्न, म्हणजे साचा बनवायचा लाकडी नमुना. रबाळे एमआयडीसीत एक पॅटर्नवाले काका आहेत, हाताखाली एक पोरगा, सागाच्या भुशाचा वास आणि भिंतीवर पंपांच्या बॉडीचे लाकडी सांगाडे टांगलेले. माझं रेखाटन घेऊन त्यांनी स्वतःची पट्टी काढली. मी माझी टेप शेजारी धरली तर खुणा जुळेनात. त्यांच्या पट्टीवरचा एक मीटर म्हणजे खरे 1010 मिलिमीटर. बीड थिजताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. दर वेळी गणित करत बसण्यापेक्षा पट्टीच लांब बनवलेली. काकांना ती त्यांच्या गुरूंनी दिली. पितळेसाठी दुसरी आहे, ती आणखी लांब.

काकांचा आक्षेप एकच होता, तोफेच्या बाजूच्या दोन गोल दांड्यांवर. नेहमीच्या तोफेला हे दांडे मध्यावर असतात, म्हणजे नळी तोलून वरखाली करता येते. उखळीला ते पार बुडाशी. "हे खाली कशाला घेतलेत? तोंडाकडे पडेल ना," काका म्हणाले. पडेलच. पण उखळी हलवायचीच नसते. ती 45 अंशांवर पाचर मारून बसवायची आणि गोळा लांब-जवळ टाकायचा तो दारू कमीजास्त करून. दणका सरळ बुडात उतरतो, म्हणून आधारही बुडाशी. चाकं नसण्याचं कारणही तेच. चाकांवर ठेवून उडवली तर मागे सरकायच्या आधी आस मोडेल.

"मग हिला न्यायचे कशी?"

काका, त्यासाठीच तर सगळं चाललंय.

21 सप्टेंबर

गणपतीत सगळं बंद होतं. आता ओतकाम झालं आणि फाउंड्रीचा फोन आला. बघायला गेलो.

बुडाकडच्या उजव्या दांड्याच्या मुळाशी करंगळी जाईल एवढी पोकळी. जाड भाग शेवटी थिजतो, आणि थिजताना त्याला वरून पातळ धातू मिळाला नाही तर आत पोकळ राहतो. फाउंड्रीवाल्यांचं म्हणणं, शोपीस आहे, लांबी (पुट्टी) भरून घासून देतो, रंगाखाली दिसणारही नाही. दिसणार नाही हे खरं. पण चेन ब्लॉकने उचलताना सगळा भार त्याच दांड्यांवर येणार, खाली माणसं उभी असणार. पूर्वी तोफ ताब्यात घेण्याआधी आत आकड्याची काठी फिरवून अशाच पोकळ्या शोधायचे, आणि सापडली की तोफ परत भट्टीत. मीही परत दिली. दोन दिवस बोलणी झाली, वितळवून पुन्हा ओतायचं ठरलं, धातूचे पैसे वळते.

दुसऱ्या वेळी पॅटर्न उभा, बूड खाली, तोंड वर, आणि तोंडाच्या वर धातूचा भला मोठा जादा गठ्ठा. हे काही माझं संशोधन नाही. अठराव्या शतकातले ओतारी तोफ अशीच उभी ओतायचे, वर जादा धातू ठेवून. त्याच्या वजनाने बूड घट्ट भरायचं, घाण वर तरंगायची आणि मग तो गठ्ठा कापून टाकायचा. फाउंड्रीच्या म्होरक्याला मी जुनं चित्र दाखवलं तर तो म्हणाला, "हेच तर मी पहिल्या वेळी सांगत होतो, पण साच्याची पेटी तेवढी उंच नव्हती." पेटी दुसऱ्या कारखान्यातून आणली.

12 ऑक्टोबर, दसरा

नवं ओतकाम स्वच्छ निघालं. हातोडीने ठोकून पाहिलं, सगळीकडे सारखा आवाज. गणितानुसार तयार नळीचं आकारमान साडेचोवीस लिटर, बीड लिटरमागे 7.2 किलो, म्हणजे 176 किलो. आत्ता कातायची जादा जाडी धरून काटा 198 दाखवतोय. गोंडा बांधून, हळदकुंकू लावून नळी फाउंड्रीतच पूजेला ठेवली. शेजारी कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग सेट, सगळ्यांना झेंडू सारखाच.

27 ऑक्टोबर

नळी रबाळ्याहून वागळे इस्टेटला लेथसाठी नेली. ऐरोली पुलावरून मुलुंड आणि मग वागळे. विटाव्याच्या रेल्वेपुलाखालचा रस्ता जवळचा, पण तिथली गर्दी आणि खड्डे बघता हा भार त्या रस्त्याने न्यायची इच्छा नव्हती.

विधानसभेची आचारसंहिता लागलेली, त्यामुळे पुलाच्या अलीकडे नाकाबंदी. टेंपो बाजूला घ्यायला लावला. ताडपत्री उचलल्यावर दोन सेकंद सगळे गप्प. मी पोच दिलेलं पत्र आणि फाउंड्रीचं चलन पुढे केलं. साहेबांनी ते वाचलं, मग एका शिपायाला सांगितलं, "आत बघ रे." त्याने तोंडात टॉर्च मारला, मग खांद्यापर्यंत हात घालून तळ चाचपला. कुणीतरी तोफेतून तोफगोळे नव्हे, नोटा नेईल ही शंका! निवडणुकीच्या दिवसांत ती रास्तच म्हणायची. हात बाहेर आला तो काळा, वाळू आणि काजळीने माखलेला. मी कापूस दिला. "वजन किती?" "दोनशे." "कशाला एवढी जड केली?" हा प्रश्न आता मी मोजत नाही.

बांधणीबद्दल थोडं, कारण इथे बहुतेक लोक दोरी गुंडाळून देवाच्या भरवशावर निघतात. नियम असा की पुढच्या दिशेने भाराच्या 0.8 पट जोर धरून ठेवता आला पाहिजे, आणि बाजूंना व मागे 0.5 पट. ब्रेक दाबला की 200 किलोची नळी 160 किलोच्या जोराने ड्रायव्हरच्या पाठीकडे निघते. लोखंडी पत्र्यावर लाकूड सहज घसरतं, म्हणून खाली रबरी चटई. त्यावर लाकडी खोबण, खोबणीत नळी आडवी, तोंड मागे. रॅचेट पट्टे फुलीसारखे ओढलेले, आणि पुढे टेंपोच्या पुढच्या फळीला टेकून एक जाड वासा आडवा. पट्टा तुटला तरी वासा आहे. भार मागच्या आसाच्या जरा पुढे येईल असा ठेवला. अगदी मागे ठेवला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही.

ड्रायव्हर दादांनी हे सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "इंजिनिअर का?"

16 नोव्हेंबर

लेथ. चार जबड्यांच्या चकात नळी मध्यावर आणायलाच अर्धा दिवस गेला. बिडाची भुकटी निघते, चकचकीत कुरळ्या नाहीत, आणि ती नाकात, कानात, डब्यातल्या पोळीवरही जाते. बाहेरची वलयं काकांच्या पॅटर्नवर छान उतरली होती, म्हणून ती नुसती साफ केली. तोंड आतून कातलं ते 203 वर. तळ गोलसर, भरीव.

बैठकीचं लाकूड कळव्याच्या जुन्या लाकडाच्या वखारीतून. पाडलेल्या वाड्याच्या तुळया, जुना साग, खिळ्यांची भोकं तशीच. इंग्रजांनी ओक आणि एल्म वापरला असेल. इथे बनली असती तर सागच लागला असता, हे माझं मत. बैठक म्हणजे चार पायांची गाडी नव्हे, जाड तुळया शेजारी शेजारी ठेवून आडव्या लोखंडी बोल्टांनी आवळलेला ठोकळा. वर दांड्यांसाठी दोन खोबणी आणि त्यांना झाकणाऱ्या लोखंडी कमानी. बैठकीचं वजन कमानी धरून 130 च्या आसपास. नळी 177 वर थांबली, गणिताच्या एक किलो पुढे.

1 डिसेंबर

आजचा दिवस सगळ्यांत मोठा, कारण तोफ मानपाड्याला आमच्या सोसायटीत आली.

वर फ्लॅटमध्ये ठेवायचा विचार कधीच सोडला होता. लिफ्टवर पाटी आहे: आठ माणसं, 544 किलो. लिफ्ट उचलेल. पण बाल्कनी धरलेली असते वर्ग मीटरमागे साधारण 300 किलोला, खोली 200 ला. माझी बैठक जेमतेम अर्धा वर्ग मीटर जागा व्यापते आणि त्यावर तीनशेच्या वर भार. इमारत कोसळणार नाही. पण सेक्रेटरींना हे गणित समजावून सही मिळवण्यापेक्षा स्टिल्ट पार्किंगमधला खांबाजवळचा कोपरा सोपा, कारण तिथली फरशी थेट जमिनीवर आहे. तिथे पोचायला रस्त्यावरून खाली उतरणारा रॅम्प, उतार आठात एक.

भाच्याने त्याच्या ओळखीचे मुकादम आणले. वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून आयुष्य घातलेले, आता निवृत्त, सोबत तीन गडी. मी हायड्रा बोलवायच्या तयारीत होतो. मुकादमांनी नळीभोवती एक चक्कर मारली, पायाने ढकलून पाहिली आणि म्हणाले, "हिला क्रेन कशाला लावता? पहार द्या दोन, आणि पाइप."

त्यांची पद्धत नीट बघण्यासारखी. बैठक आणि नळी वेगवेगळी. मोठ्या उखळ्यांच्या बाबतीत फौजाही असंच करायच्या. टेंपोच्या फळीपासून जमिनीपर्यंत दोन वासे लावले. पहार नळीखाली घालून ते बोट-दोन बोट उचलायचे आणि दुसरा गडी लगेच गुटका सरकवायचा. उचलायचं नाही, फक्त जागा करायची. हात कधीच नळीच्या खाली जाऊ द्यायचा नाही, गुटकासुद्धा काठीने ढकलायचा. गुटक्यावर गुटका चढत नळी फळीच्या उंचीला आली, तिथून वाशांवरून गडगडत खाली.

रॅम्पवर खरी मजा. भार खाली ओढणार तो वजनाच्या आठव्या भागाने. बैठकीसाठी सोळा-सतरा किलो, नळीसाठी बावीस. ऐकायला काहीच नाही. पण दोन इंची जीआय पाइपांवर ठेवलेली वस्तू निघाली की थांबत नाही. मुकादमांनी काथ्याचा जाड दोर आणला, वरच्या खांबाला तीन वेढे दिले आणि मोकळं टोक एकट्या म्हाताऱ्या गड्याच्या हातात दिलं. तो नुसता दोर सैल करायचा, बोटभर, पुन्हा बोटभर. खांबाच्या प्लास्टरवर दोर घासून करकर आवाज करत होता, काथ्याचे तुकडे उडत होते, आणि त्या माणसाच्या हातावर शीरही ताणलेली दिसली नाही. मागचा पाइप सुटला की एक जण तो पळत पुढे आणून टाकायचा. वळणावर पाइप जरा तिरका ठेवला की नळी आपोआप वळते. मला ते कळलं नव्हतं, मुकादमांनी पायाच्या टाचेने पाइप ठोकून दाखवलं.

सोसायटीतली सगळी पोरं गोळा झाली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी खिडकीतून विचारलं, "अहो, बोअरवेल घालताय का?"

बसवताना चेन ब्लॉक लागलाच. तीन पायांची तिकाटी, वर ब्लॉक, नळी लटकली, दांडे खोबणीत बसले. पाचर मारली. 45 अंश.

12 जानेवारी 2025

बैठकीला जवसाचं तेल, नळीला काळा मॅट रंग. बाकी काही नाही.

मधल्या वेळात ठाण्याचं वाचतोय. मराठ्यांनी ठाणं घेतलं 1737 मध्ये, वसई पडली 1739 च्या मे महिन्यात. 1774 च्या डिसेंबर अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला तेव्हा ते मुंबईहून आले. आज तोच किल्ला मध्यवर्ती तुरुंग आहे. नकाशा समोर ठेवला की एक गोष्ट लक्षात येते. ठाणे, बेलापूर, घोडबंदर, वसई, सगळे किल्ले खाडीकाठी किंवा समुद्रकाठी. जड तोफ इथे बैलांनी कशाला ओढायची? भरतीला गलबतात घालायची, ओहोटीला धक्क्यावर उतरवायची. घाटावर तोफ म्हणजे बैल, इथे तोफ म्हणजे पाणी. आम्ही मात्र खाडी ओलांडतो ती पुलावरून, गाड्यांच्या रांगेत.

16 फेब्रुवारी

शिवजयंतीच्या शस्त्रप्रदर्शनासाठी कळव्यातल्या एका मैदानावर. मुकादम, दोर, पाइप, सगळं परत. रॅम्प चढताना दोराऐवजी खांबाला चेन ब्लॉक आडवा लावला आणि वीत वीत ओढून घेतलं. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ लागला.

मैदानाची माती भुसभुशीत. बैठक ठेवली तर एक बाजू रुतायला लागली. जुन्या लढायांच्या वर्णनात उखळ्यांसाठी आधी लाकडी ओटा बांधल्याचा उल्लेख असतो, तो वाचताना मी पानं उलटायचो. आज शटरिंगच्या फळ्या दोन थरांत आडव्या-उभ्या टाकल्या आणि त्यावर बैठक बसवली, तेव्हा ओटा काय असतो ते पटलं. उडवली असती तर प्रत्येक बाराला फळ्या खाली गेल्या असत्या आणि नेम पुन्हा लावावा लागला असता.

20 फेब्रुवारी

काल दिवसभर गर्दी. शेजारी तलवारी, दांडपट्टे, भाले, काचेच्या पेटीत कट्यारी. लोक तिथे फोटो काढत होते, आणि इथे येऊन तोफ ढकलून बघत होते. ढकलून बघा, असं मीच पाटीवर लिहिलं होतं. कॉलेजची पाच-सहा पोरं एकत्र लागली तेव्हा जेमतेम हलली, आणि त्यातला एक म्हणाला, "आयला, ही रायगडावर चढवायची?" त्याला मी बाजूला घेऊन कुलपी गोळ्याबद्दल सांगितलं: पोकळ, आत दारू, वर जळती वात. तटाच्या वरून आत पडून फुटायचा. म्हणून उखळी किल्ल्यात चढवण्यापेक्षा किल्ल्याबाहेर आणण्याची गरज जास्त. त्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा ढकलायला गेला.

एका गृहस्थांनी विचारलं, बत्ती का देत नाही, निदान फटाक्याची तरी. कानाचा खळगा दाखवला. त्यांनी काडी घालून खोली मोजली आणि नाराज झाले.

9 मार्च

पाइपांमुळे बैठकीच्या खालच्या दोन तुळया चेपल्यात, तिथे लोखंडी पट्टी ठोकायची. बिडावर कळव्याच्या दवाने तांबूस ठिपके आलेत, पावसाळ्याआधी घासून पुन्हा रंग. कमानीच्या बोल्टांना ग्रीस.

डोंबिवलीच्या एका शाळेला तोफ कायमची हवी आहे. मुख्याध्यापिकाबाईंशी बोलणं झालं. मी म्हटलं, तळमजला लागेल, खाली भरीव जमीन लागेल आणि मुकादमांची मजुरी तुमच्याकडे. पहिल्या दोन गोष्टींना त्या लगेच हो म्हणाल्या. मजुरीचं पालक सभेत विचारून कळवतात.